ओल्या दोऱ्याने मोजलेली वाट

शाळेच्या अमृतमहोत्सवी स्मरणिकेसाठी काही लिहून पाठवावे, असे पत्र आले, तेव्हा सर्वप्रथम डोळ्यांसमोर उभा राहिला तो भूगोलाच्या सरांच्या टेबलावर पसरलेला नकाशा आणि त्यावर बसवलेला पांढरा दोरा. सर दोरा पाण्यात बुडवून घट्ट पिळून घेत, म्हणजे तो वाटेच्या वळणावर नीट बसून राही. मग तो सरळ करून पट्टीवर धरत आणि १:५०,००० या प्रमाणानुसार दोन सेंटिमीटरला एक किलोमीटर असा हिशेब आमच्याकडून करून घेत. त्यानंतर वाटेत ओलांडाव्या लागणाऱ्या समोच्च रेषा, म्हणजे समान उंचीची ठिकाणे जोडणाऱ्या रेषा, मोजून चढाई काढायची. स्कॉटिश गिर्यारोहक विल्यम नेस्मिथ यांनी १८९२ मध्ये मांडलेला नियम, म्हणजे पाच किलोमीटरला एक तास आणि दर ६०० मीटर चढाईला आणखी एक तास, मला सरांनीच शिकवला. पाय थकलेले असतील किंवा अंधार असेल, तर त्यात निम्मा वेळ आणखी धरावा, ही सरांची स्वतःची पुस्ती.

आठवीच्या पदभ्रमणात माझी टाच दुखू लागली होती आणि मागे पडू नये म्हणून मी ते कोणालाही सांगितले नव्हते. सरांनी माझी चाल पाहूनच सर्वांना थांबवले. ते धुळीत गुडघे टेकून बसले, माझा बूट आणि ओला मोजा काढला, रुमालाने टाच कोरडी केली आणि लाल झालेल्या जागेवर चिकटपट्टी अशी लावली, की तिला एकही सुरकुती राहिली नाही. घाम आणि घर्षण यांमुळे फोड येतो, तो येण्याआधीच थांबायचे असते, एवढेच ते म्हणाले. पुढची सारी वाट त्यांनी मला सर्वांत पुढे चालवले आणि गटाचा वेग माझ्या वेगाला बांधला.

गेल्या वर्षी आम्ही चार वर्गमित्र १०० किलोमीटरच्या, ४८ तासांच्या आव्हानात्मक पदयात्रेत उतरलो. १९८१ मध्ये हाँगकाँगला गुरखा सैनिकांच्या सरावातून जन्मलेल्या ‘ट्रेलवॉकर’च्या धर्तीवरच तिची आखणी होती, चौघांनी प्रत्येक चेकपॉइंटवर एकत्रच पोहोचायचे होते. सकाळी सहाला निघालो आणि दुसऱ्या रात्री अकरा वाजता ८५व्या किलोमीटरवर आमच्यातला एक जण खाली बसला. दोन्ही टाचांना फोड आले होते. माझ्यामुळे तुम्ही अडकू नका, मला इथेच सोडा, असे तो पुनःपुन्हा सांगत होता.

मी टॉर्चच्या उजेडात नकाशा उघडला. उरलेले अंतर १५ किलोमीटर आणि चढाई ६०० मीटर, म्हणजे नियमाने चार तास आणि सरांच्या पुस्तीसह सहा. हाती सात तास होते. तो आकडा ऐकून मित्र गप्प झाला. मी गुडघे टेकून त्याचे बूट काढले, पाय कोरडे केले, फोड न फोडता त्यांवर पट्ट्या लावल्या, आणि आम्ही त्याला सर्वांत पुढे घातले. पहाटे पाच वाजून वीस मिनिटांनी आम्ही चौघे एका रांगेत अंतिम रेषेपाशी पोहोचलो.

हे सरांना सांगायला ते आता नाहीत. पदके आणि प्रशस्तिपत्रके मला नोकरीत पुष्कळ मिळाली, परंतु हे पदक दाखवावे असे वाटणारी व्यक्ती एकच होती, आणि ती असताना मी वर्षानुवर्षे भेटायला गेलो नाही, याची खंत मोठी आहे. मध्यंतरी शाळेत आलो, तेव्हा भूगोलाच्या खोलीतील नकाशे गुंडाळून कपाटावर ठेवलेले दिसले. वाट आता मोबाइलवर दिसते हे खरे. तरी चढाच्या रेषा बोटाने मोजणारी मुले त्या खोलीत पुन्हा दिसावीत, असे मनापासून वाटते.

त्या रात्रीचा नकाशा मी महोत्सवाच्या दिवशी शाळेला देणार आहे. त्याच्या घडीत दोरा ठेवला आहे, आणि ८५व्या किलोमीटरपाशी पेन्सिलीने केलेला तो हिशेब अजून वाचता येतो.