इंजिनाच्या प्लेटवरचं पहिलं अक्षर

डिसेंबर 2022. कॅलिफोर्नियातल्या फ्रेझ्नोत त्या आठवड्यात सकाळचे दहा वाजले तरी धुकं हलायचं नाव घेत नव्हतं. साठी उलटलेले एक सरदारजी ऑफिसात आले, डीएमव्हीचं, म्हणजे वाहन नोंदणी खात्याचं पत्र माझ्या टेबलावर ठेवलं आणि म्हणाले, "बेटा, यांनी चुकून माझी पुढची नोंदणी अडवलीय. तेवढं सोडवून दे, दुपारी संत्री भरायचीत."

ट्रकवाल्यांची नोंदणी, परमिट, कार्बच्या पोर्टलवर माहिती भरणं, अशी कामं करणारं आमचं छोटं ऑफिस आहे. कार्ब म्हणजे कॅलिफोर्नियाचं एअर रिसोर्सेस बोर्ड. गिऱ्हाईक बहुतेक पंजाबी, एकेक ट्रक घेऊन स्वतःच चालवणारे. माझ्या मराठी वळणाच्या हिंदीवर त्यांचं आणि माझं छान जमतं.

पत्र नेहमीचंच होतं. 14,000 पौंडांहून जड डिझेल ट्रकला 1 जानेवारी 2023 पासून 2010 किंवा त्यानंतरचं इंजिन असलंच पाहिजे. नियम 2008 चा, टप्प्याटप्प्याने लागू होत आलेला. पण त्याचा खरा धाक बसला तो 2017 च्या कायद्यामुळे. त्यानुसार 1 जानेवारी 2020 पासून, नियमात न बसणाऱ्या ट्रकची नोंदणी डीएमव्ही करूनच देत नाही. दंड भरून माणूस वेळ मारून नेतो, पण नोंदणीच नसेल तर ट्रक गेटाबाहेर काढणार कसा?

अंकलजींचा ट्रक 2010 चा. अशा ट्रकांची पत्रं त्या महिन्यात आमच्याकडे बरीच आली होती. इंजिन 2010 चं आहे याचा पुरावा द्यायचा, म्हणजे प्लेटचा फोटो पोर्टलवर चढवायचा, की अडवणूक सुटते. मीही त्यांना तेच सांगितलं. "अंकलजी, दहा मिनिटांचं काम आहे. चला, फोटो काढू."

ट्रक मागच्या यार्डात उभा होता. निळा, पुसून लख्ख केलेला. सोबत त्यांचा भाचा होता, तो बॉनेट उघडायच्या तयारीला लागला. तोवर अंकलजी पायरीवर चढले, खिशातला पांढरा रुमाल काढला, बोटाला गुंडाळला आणि धुराड्याच्या आतून फिरवून माझ्यासमोर धरला. रुमाल जसाच्या तसा पांढरा! "बघ, काजळीचा डाग तरी आहे का? याला प्रदूषण म्हणतात?"

त्यांच्या आवाजात अभिमान होता आणि तो रास्त होता. त्यांचा आधीचा ट्रक 1999 चा. 2020 साली त्याची नोंदणी थांबली, तेव्हा कुरकुर न करता त्यांनी तो काढला आणि कर्ज घेऊन हा घेतला. विकणाऱ्याने सांगितलं होतं, "2010 चं मॉडेल आहे, 2023 नंतरही चालेल."

प्लेट इंजिनावर होती, ग्रीसने माखलेली. मी चिंधीने पुसत गेले. आधी कंपनीचं नाव दिसलं, मग अश्वशक्ती, मग बारा अक्षरांचं इंजिन फॅमिलीचं नाव. त्यातलं पहिलं अक्षर इंजिनाचं वर्ष सांगतं. 'ए' असेल तर 2010. मी आणखी एकदा पुसलं. तिथे '9' होता.

मोबाइलचा दिवा लावून पाहिलं. '9' च. खाली मॉडेल वर्षही छापलेलं होतं, 2009.

ट्रकचं मॉडेल वर्ष चेसिसवरून ठरतं. चेसिस बांधताना त्यात आदल्या वर्षाचं इंजिन बसवलेलं असणं ही अगदी सर्रास गोष्ट. बाजारात ट्रक विकला जातो चेसिसच्या वर्षावर, नियम मोजतो इंजिनाचं वर्ष. या दोहोंत एक वर्षाचं अंतर, आणि त्या अंतरात हा माणूस सापडला होता. विकणाऱ्याला हे ठाऊक नसेल यावर माझा आजही विश्वास नाही.

"अंकलजी, इंजिन 2009 चं आहे," मी म्हणाले. त्यांनी काही न बोलता तो रुमाल पुन्हा माझ्यापुढे धरला.

मला त्यांना खोटं ठरवायचं नव्हतं, कारण रुमाल खोटं बोलत नव्हता. 2007 पासून अमेरिकेतल्या जड डिझेल इंजिनांसाठी काजळीची मर्यादा अश्वशक्ती-तासाला 0.01 ग्रॅमवर आली आणि त्यासाठी धुराड्याच्या वाटेवर फिल्टर आला. काजळी त्यात अडकते, म्हणून रुमाल पांढरा. पण नायट्रोजन ऑक्साइड हा वायू, तो फिल्टरमधून सरळ निघून जातो. त्याची 0.20 ग्रॅमची मर्यादा पुरती लागू झाली ती 2010 पासून. 2007 ते 2009 ची बहुतेक इंजिनं 1.2 च्या आसपास, म्हणजे साधारण सहापट. 2010 पासून बहुतेकांनी युरियाचं द्रावण फवारून हा वायू मोडायची सोय केली. ट्रकवाले त्या द्रावणाला डेफ म्हणतात. अंकलजींच्या ट्रकला डेफची टाकीच नव्हती.

"मग तो वायू जातो कुठे?" भाच्याने विचारलं.

मी वर बोट दाखवलं. आमचं सॅन वाकीन खोरं म्हणजे एक परात आहे. पूर्वेला सिएरा नेवाडा, पश्चिमेला किनाऱ्याचे डोंगर, दक्षिणेला तेहाचापी. हिवाळ्यात वर ऊबदार हवेचं झाकण बसतं आणि खालची थंड हवा दिवसेंदिवस तिथेच कोंडते. ट्रकांचा नायट्रोजन ऑक्साइड आणि गोठ्यांमधला अमोनिया मिळून या कोंडलेल्या हवेत अमोनियम नायट्रेटचे बारीक कण तयार होतात. हिवाळ्यातल्या आमच्या सूक्ष्म धुळीचा मोठा वाटा हाच. म्हणजे धुराड्यातून कण निघत नाहीत, ते नंतर हवेत जन्मतात. माझ्या मुलाच्या शाळेत रोज हवेच्या प्रतीचा रंगीत झेंडा लावतात. लाल झेंडा असला की मुलं मैदानात जात नाहीत. म्हणून हा नियम मला मनापासून पटतो, आणि त्या दिवशीही पटत होता. तो ज्यांच्या अंगावर पडतो, त्यांच्याकडे बघून तो पटवून घेणं फार जड जातं.

भाचा हळूच म्हणाला, "दुसऱ्या ट्रकच्या प्लेटचा फोटो चढवला तर?" मी नाही म्हणायच्या आधीच अंकलजींनी त्याला गप्प केलं. "तुझ्या मामाचं नाव आहे त्या कागदावर."

मग आत बसून आम्ही तासभर वाटा शोधल्या. वर्षाला 1,000 मैलांच्या आत चालणाऱ्या ट्रकला सूट मिळते. फ्रेझ्नो ते लॉस एंजेलिस जाऊन-येऊन साडेचारशेच्या घरात, म्हणजे वर्षाला जेमतेम दोन फेऱ्या. नवीन इंजिन बसवायचं तर कूलिंग, वायरिंग, डेफची टाकी, सगळंच बदलायचं. हिशेब कुठेच बसेना. अनुदानाच्या योजना आहेत, पण त्या नियमाची तारीख येण्याच्या पुरेशा आधी ट्रक बदलणाऱ्यांसाठी. नियमाने जे करणं भागच आहे, त्यासाठी पैसे मिळत नाहीत. त्यामागचा विचार मला समजतो. तरी दोन आठवडे हातात असलेल्या माणसाला हे सांगताना माझी नजर वर होत नव्हती. दोन वर्षांपूर्वी कुणी त्यांना ती प्लेट पुसून दाखवली असती, तर ते आज या खुर्चीत नसते.

ते उठले, पत्राची नीट घडी घातली, म्हणाले, "आजची संत्री तर पोचवतो. आज नोंदणी आहे ना?" होती.

फेब्रुवारीत त्यांनी तो ट्रक परराज्यातल्या एका गिऱ्हाइकाला विकला. त्याचा वायू आता दुसऱ्या कुणाच्या हवेत जाणार, हे मला तेव्हाही टोचलं, आजही टोचतं. आमच्या परातीतला एक ट्रक कमी झाला, एवढंच त्या विक्रीने साधलं.

त्या दिवसापासून ऑफिसात मी एक पद्धत केली. जुना ट्रक घ्यायला निघालेल्या प्रत्येकाला सांगते, टायर नंतर बघा, आधी इंजिनाची प्लेट पुसा आणि मला फोटो पाठवा. काही जण पाठवतात, काही विसरतात.

एप्रिलमध्ये एका दुपारी अंकलजींचा व्हिडिओ कॉल आला. कुठल्याशा यार्डात बॉनेट उघडं, मागे विकणारा उभा. "हा 2014 चा म्हणतोय," ते म्हणाले. खिशातून रुमाल निघाला, पण या वेळी तो धुराड्याकडे गेला नाही. प्लेटवरचं ग्रीस पुसून त्यांनी फोन इतका जवळ नेला की पडद्यावर नुसतं धूसर दिसायला लागलं.

"अंकलजी, थोडा मागे घ्या."

फोन मागे गेला. पहिलं अक्षर 'डी'. म्हणजे 2013.

"डी आहे ना? चालेल ना?"

"चालेल," मी म्हणाले. "आता डेफची टाकी दाखवा."