दान नव्हे, खरेदी

"एवढा मोठा किल्ला, एवढी बाग! मालकाने गावाला देऊनच टाकलं की काय? मोठ्या मनाचा माणूस दिसतोय."

वेल्समध्ये कार्डिफला आमच्याकडे येणारा जवळजवळ प्रत्येक पाहुणा मला हे विचारतो. त्याला ट्रेनने तासाभरावरच्या मर्थर टिडफिलला मीच नेलेलं असतं, कव्हार्थ्वा कॅसल दाखवलेला असतो. तळ्याकाठी डबे उघडले की हा प्रश्न ठरलेला. त्याचं उत्तर लांबलचक आहे, शिवाय ते देताना माझा आवाज चढतो आणि बिचाऱ्या पाहुण्याला आपलं काही चुकलं असं वाटतं. तेव्हा, तुम्ही विचारलंत म्हणून, एकदाच सगळं लिहून ठेवते.

नाही, दिला नाही. गावाने विकत घेतला.

आणि किल्ला म्हणाल तर तोही नुसता नावाचा. बुरूज आहेत, दातेरी तट आहे, पण एवढ्या खिडक्यांचा किल्ला कोणी लढायला बांधत नाही, हे रायगड-प्रतापगड पाहिलेल्या माणसाला सांगावं लागत नाही. १८२४-२५ मध्ये विल्यम क्रॉशे (दुसरा) या लोखंडाच्या कारखानदाराने राहायला बांधलेलं हे घर आहे. वास्तुरचनाकार रॉबर्ट ल्युगर, खोल्या ७२, खर्च सुमारे ३०,००० पौंड. त्याचे वडील लंडनला बसून पेढी सांभाळत. त्यांना ही उधळपट्टी अजिबात पसंत नव्हती. एरवी त्या म्हाताऱ्याचं आणि माझं कशावरही जमलं नसतं, पण या एका बाबतीत मी त्याच्या बाजूने आहे.

पैसा कुठून आला, ते आधी बघू. १७६५ साली अँथनी बेकन आणि विल्यम ब्राउनरिग या दोघांनी इथली सुमारे ४,००० एकर जमीन ९९ वर्षांच्या पट्ट्याने घेतली. भाडं वर्षाला १०० पौंड. त्या जमिनीत दगडी कोळसा होता, लोहखनिज होतं, चुनखडी जवळ होती, शेजारून टाफ नदी वाहत होती. थोडक्यात, खजिना कवडीमोलाने हाती लागला. बेकन पार्लमेंटचा सभासद होता. वेस्ट इंडिजमधल्या सरकारी कामांसाठी आफ्रिकन गुलाम पुरवण्याचे ठेके त्याच्याकडे होते, आणि अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात इंग्रज सैन्यासाठी तोफा त्याने इथेच ओतल्या. कॅसलच्या दिवाणखान्यातली नक्षी बघताना हे ठाऊक असलेलं बरं.

१७८६ मध्ये बेकन वारला आणि कारखाना रिचर्ड क्रॉशेच्या हाती आला. हा यॉर्कशायरच्या शेतकऱ्याचा मुलगा. पोरवयात लंडन गाठलं, जवळचं तट्टू विकून पोट भरलं, लोखंडी इस्त्र्या विकता विकता वखारीचा मालक झाला, अशी त्याची कथा सांगतात. त्याचं खरं कर्तृत्व वेगळं. हेन्री कॉर्ट नावाच्या माणसाने लोखंड शुद्ध करायची नवी रीत काढली होती: भट्टीत वितळलेलं बीड, म्हणजे कच्चं लोखंड, लांब सळीने ढवळत राहायचं, म्हणजे त्यातला कार्बन जळून जातो आणि ठोकता-लाटता येईल असं घडीव लोखंड मिळतं. क्रॉशेने ती उचलली, मर्थरमध्ये पक्की बसवली. तयार माल कार्डिफच्या बंदरात नेण्यासाठी कालवा खणवण्यात पुढाकार घेतला, तो १७९४ मध्ये सुरू झाला. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला कव्हार्थ्वा हा जगातला सर्वांत मोठा लोखंडाचा कारखाना समजला जाई. १८०२ मध्ये तर खुद्द ॲडमिरल नेल्सन तो बघायला आला. तोफा जिथून येतात ती जागा बघावीशी वाटली असणार.

रिचर्डचा नातू म्हणजे आपला किल्लेवाला विल्यम. त्याने घरासाठी जागा निवडली ती नदीपलीकडच्या चढावर, कारखान्याच्या थेट समोर. मला या घरात सगळ्यांत बोलकी वाटते ती ही निवड. कारखान्याचे मालक सहसा धुरापासून लांब, वाऱ्याच्या वरच्या बाजूला राहायला जातात. याने दिवाणखान्यातून भट्ट्या दिसाव्यात असं घर बांधलं. रात्री जेवायला आलेल्या पाहुण्यांना खिडकीतून लाल झालेलं आकाश दाखवता यायचं.

ते दृश्य आतल्या बाजूने कसं होतं, तेही बघता येतं. पेन्री विल्यम्स हा मर्थरचाच चित्रकार. क्रॉशेंनी त्याला हाताशी धरलं होतं. त्याने १८२५ साली, म्हणजे घर पुरं होत होतं तेव्हाच, कारखान्याचं रात्रीचं जलरंगातलं चित्र काढलं. ते कॅसलमधल्याच संग्रहालयाच्या संग्रहात आहे आणि जमलं तर त्याच्यासमोर जरा थांबा. उंचच उंच छप्पर, लोखंडी खांब, आडवी-उभी चाकं, आणि मधून तापलेल्या लोखंडाचा नारिंगी उजेड. माणसं आहेत, पण इतकी छोटी की पहिल्या नजरेत यंत्रांचाच भाग वाटतात. हळूहळू एकेकजण वेगळा दिसायला लागतो. चित्रकाराने माणसं मुद्दाम लहान काढली की छप्पर खरंच तेवढं उंच होतं, यावर आमच्या घरात दोन तट आहेत.

आता या माणसांच्या घरांकडे. १८०१ च्या जनगणनेत मर्थरची वस्ती ७,७०५ होती, १८५१ मध्ये ४६,००० च्या वर गेली. वेल्समधलं सर्वांत मोठं शहर, आणि त्याला ना गटारं ना नळ. कॅसलच्या आवारातलं तळं मुद्दाम बांधलेलं होतं, त्याने बागेला शोभा आणि कारखान्याला पाणी. गावातल्या बायका मात्र झऱ्याशी तासन् तास घागरी घेऊन उभ्या. १८४९ च्या पटकीत इथे चौदाशेहून अधिक माणसं गेली. पुढच्या वर्षी रॅमेल नावाच्या निरीक्षकाने सरकारला अहवाल दिला, पाण्याची व्यवस्था करा म्हणून सांगितलं. नळाचं पाणी यायला तरी आणखी दहाएक वर्षं गेली, कारण नदीच्या पाण्यावर कारखान्यांचा हक्क आधी, असं मालक मंडळींचं म्हणणं होतं.

मोठ्या मनाची चौकशी करणाऱ्यांना मी १८३१ सालाबद्दल जरूर सांगते. लोखंडाचा भाव पडला होता. मे महिन्यात विल्यम क्रॉशेने खाणकामगारांची मजुरी कापली. त्याच सुमारास कर्जवसुलीच्या कोर्टाचे बेलिफ घराघरांतून खाटा-पेट्या उचलून नेत होते. लोक उठले, कोर्टाच्या कागदांची होळी केली, जप्त केलेल्या वस्तू ज्याच्या त्याला परत केल्या. ३ जूनला कॅसल इन नावाच्या खाणावळीसमोर हजारोंचा जमाव. आत मालक आणि मॅजिस्ट्रेट, दाराशी सैनिक. क्रॉशे आत होता. बोलणी फिसकटली, झटापट झाली आणि खिडक्यांतून गोळीबार झाला. किमान १६ माणसं मेली. या उठावात रक्तात बुडवून लाल केलेलं फडकं आणि काठीच्या टोकाला पाव, असा झेंडा फडकला होता म्हणतात. ब्रिटनमध्ये कामगारांचा लाल बावटा पहिल्यांदा तोच, असं मर्थरवाले अभिमानाने सांगतात.

मग शिक्षा झाली. रिचर्ड लुईस, लोकांच्या तोंडी डिक पेंडेरिन, वय २३. एका सैनिकाच्या मांडीत संगीन खुपसल्याचा आरोप. त्या सैनिकाला स्वतःला तो ओळखू आला नाही. अकरा हजार लोकांनी दयेच्या अर्जावर सह्या केल्या. १३ ऑगस्टला कार्डिफला त्याला फाशी दिलं. वेल्समध्ये आजही त्याला हुतात्मा मानतात.

क्रॉशेची बाजूही सांगायला हवी, नाहीतर पाहुणे म्हणतात मी एकतर्फी बोलते. इतर मालक मजुरी रोख न देता स्वतःच्या दुकानातून महागडा माल घ्यायला लावत, क्रॉशेने तसलं दुकान काढलं नाही. मताधिकाराच्या सुधारणांचा तो समर्थक होता आणि त्या चळवळीसाठी त्याने आपल्या कामगारांना आधी चेतवलंही होतं. पेटवलेली चूल भडकल्यावर तो दचकला. नंतर त्याने आपला खुलासा करणारं पुस्तकही छापलं. पण मजुरी कापली ती कापलीच.

पुढचा मालक विल्यमचा मुलगा, रॉबर्ट थॉम्पसन क्रॉशे. चमत्कारिक माणूस. १८३८ मध्ये त्याने स्वतःचा ब्रास बँड उभा केला आणि त्यासाठी फिरत्या सर्कशींतून कसलेले वाजवणारे उचलले. त्या बँडची वाद्यं आणि हाताने लिहिलेली स्वरलिपी संग्रहालयाने जपली आहे. तिथे ऑफिक्लाइड नावाचं एक पितळी प्रकरण बघून आमच्या एका काकांनी "हे सॅक्सोफोनचं आजोबा दिसतंय" म्हटलं होतं, आणि दिसतंही तसंच. १८६० मध्ये रॉबर्टला झटका आला, कान गेले, मग फोटोग्राफीचं वेड लागलं. मुलगी रोझ हॅरिएट हीच त्याची मदतनीस आणि हीच मॉडेल. कोळणीपासून काय काय सोंगं तिला घ्यायला लावली. तिच्या चेहऱ्यावरचा कंटाळा दीडशे वर्षांनंतरही लपत नाही.

त्याची बायको रोझ मेरी मात्र या घराण्यातलं मला एकमेव मनापासून आवडणारं माणूस. गरिबांसाठी सूपची केंद्रं चालवली, कामगारांसाठी सात वाचनालयं काढली, त्यातली काही तर रविवारीही उघडी, जेव्हा धार्मिक वेल्समध्ये रविवारी पान हललेलं चालत नसे. १८६६ च्या स्त्री-मताधिकाराच्या अर्जावर तिची सही आहे. इंग्रजी साहित्यावर लिहिणाऱ्या बायकांसाठी तिने ठेवलेल्या निधीतून ब्रिटिश अकादमी आजही तिच्या नावाचा पुरस्कार देते. नवऱ्याच्या वाट्याला काय आलं? जवळच्या व्हेनर गावच्या चर्चच्या आवारात कित्येक टनांची एक शिळा आहे, तिच्यावर नाव, तारखा आणि खाली 'देवा, मला क्षमा कर' अशा अर्थाचे तीन इंग्रजी शब्द. १८७० च्या दशकात कामगारांशी हट्टाने भांडून त्याने कारखाना बंद ठेवला होता, गावाची चूल विझली होती. गावकरी त्या तीन शब्दांचा अर्थ तिथेच लावतात.

रॉबर्टच्या मुलांनी पोलादाचा कारखाना करून बघितला. पण स्थानिक खनिज पोलादाला चालेना, बाहेरून आणावं तर समुद्र लांब, त्यामुळे बंदराजवळचे कारखाने पुढे गेले. १८८९ मध्ये क्रॉशे मंडळी घर सोडून इंग्लंडला राहायला गेली. १९०२ मध्ये धंदा विकला, १९१० मध्ये भट्ट्या थंडावल्या. महायुद्धात काही वर्षं धुगधुगी आली, १९१९ ला कायमचं टाळं.

आणि आता उत्तराचा गाभा. मर्थरला नगरपालिकेचा दर्जा मिळाला १९०५ मध्ये. तीन-चार वर्षांत, १९०८-०९ च्या सुमारास, या नव्या नगरपालिकेने कॅसल आणि भोवतीचं सुमारे १६० एकरांचं आवार क्रॉशेंकडून विकत घेतलं. पैसे मोजून, करदात्यांच्या खिशातून. विचार करा. ज्यांच्या आजे-पणज्यांनी ढवळलेल्या लोखंडावर ते घर उभं राहिलं, त्यांनीच त्याची पुन्हा किंमत भरली. १९१० मध्ये एका भागात संग्रहालय उघडलं, १९१३ मध्ये उरलेल्या भागात शाळा सुरू झाली. क्रॉशेंच्या झोपायच्या खोल्यांत खाणकामगारांची पोरं बीजगणित शिकली. संग्रहालयापेक्षा मला ही शाळा मोठी वाटते. ती तिथे शंभर वर्षं चालली.

तेव्हा मर्थरचे खासदार होते केअर हार्डी, मजूर पक्षाचे संस्थापक, लहानपणी स्वतः खाणीत काम केलेले. हे नाव आपल्याकडच्या जुन्या माणसांना माहीत असतं. १९०७ मध्ये ते हिंदुस्थानात आले होते, पुण्यात टिळकांना भेटले होते आणि परत जाऊन ब्रिटिश राज्यकारभारावर सडकून बोलले होते. आमच्या पाहुण्यांपैकी पुणेकर इथे एकदम ताठ बसतात.

वेल्समध्ये उमरावांनी, कारखानदारांनी घरं-बागा गावाला खरोखर दिल्याची उदाहरणं आहेत. लानेश्ली गावातलं पार्क हॉवर्ड तसंच, संग्रहालय आणि बाग. तिथे जरूर आभार मानावेत. कव्हार्थ्वात आभार कोणाचे मानायचे असतील तर त्या नगरसेवकांचे, ज्यांची नावं कोणत्याही बुरुजावर नाहीत. मंदीच्या वर्षांत अर्धं गाव बेकार असताना ही बाग तरी आपली होती, फाटकावर कोणी हटकत नव्हतं.

आज तिथे पोरांची छोटी आगगाडी आहे, कारंज्यात भिजायची सोय आहे, चहा-केक आहे. समोरचा कारखाना १९२० च्या दशकात मोडून टाकला. भट्ट्यांची दगडी रांग नदीपलीकडे उभी आहे, झुडपांनी वेढलेली. चालत जाता येतं, पूल ओलांडून. त्यातला पोंट-अ-कव्हनाय हा छोटा लोखंडी पूल चुकवू नका. १७९३ चा आहे, त्यावरून कारखान्याच्या रुळांची वाट जायची, आणि रुळांसाठी बांधलेल्या लोखंडी पुलांपैकी जगात टिकून राहिलेला तो सर्वांत जुना. त्याच्याजवळ पाटी आहे, गर्दी कधीच नसते.

क्रॉशेंनी कामगारांसाठी बांधलेली घरं बघायची असतील तर मर्थरबाहेरही जा. रिचर्डने १७९५ च्या सुमारास बांधलेल्या ऱ्हिडिकारच्या चाळीतली सहा घरं दगडन् दगड उचलून कार्डिफजवळच्या सेंट फॅगन्सच्या संग्रहालयात नेली आहेत. एकेक घर वेगवेगळ्या काळात मांडलंय, १८०५ पासून १९८५ पर्यंत. पहिल्यात चूल आणि खाट एवढंच, शेवटच्यात टीव्ही. प्रवेश फुकट. मी हल्ली पाहुण्यांना आधी तिकडे नेते आणि मर्थर दुसऱ्या दिवशी.