राखेतले खिळे

ग्लॅमिसच्या वाळूत आम्ही तीन रात्री काढल्या. त्यातले दोन दिवस एका ओळीत संपतात: धाकटा भाऊ आणि त्याचे मित्र सकाळी क्वाड, म्हणजे वाळूत पळवायच्या चारचाकी मोटारसायकली, काढून टेकड्यांत शिरायचे आणि उन्हं उतरली की वाळूनं माखून परत यायचे. मला लिहायचंय ते शनिवारच्या संध्याकाळबद्दल.

कॅलिफोर्नियाच्या आग्नेय कोपऱ्यात, मेक्सिकोच्या सीमेपर्यंत, अल्गोडोनेस नावाचा वाळूच्या टेकड्यांचा पट्टा आहे; ग्लॅमिस त्याच्याच काठावर. लांबी सुमारे 70 किलोमीटर, रुंदी दहाएक, आणि टेकड्या कुठेकुठे 300 फूट उंच. जवळच एकेकाळी काहुइला नावाचं अफाट सरोवर होतं. ते आटलं आणि त्याच्या काठची वाळू वाऱ्यानं वाहून इथं आणली. सॅन दिएगोहून भावाच्या गाडीनं तीन तास लागले. वाटेत ब्रॉली गावाच्या आसपास लेट्यूसची हिरवीगार शेतं लागतात, सगळी कोलोराडो नदीच्या कालव्यावर पोसलेली. शेवटचा कालवा ओलांडला की हिरवं एका रेघेत संपतं.

मुक्काम टेकड्यांच्या पूर्वेला, रेल्वेच्या रुळांजवळ. पावसाळी ओढ्यांची कोरडी पात्रं आहेत, त्यांना इकडे ‘वॉश’ म्हणतात. पालोव्हर्देची दोन-चार काटेरी झाडं सोडली तर सावली नाही. नळ नाही, वीज नाही, कचराकुंडीसुद्धा नाही. जे आणलं ते परत न्यायचं, अगदी सांडपाणीही. माझं लहानपण आटपाडीकडे टँकरची वाट बघण्यात गेलं, त्यामुळे पाणी पुरवून वापरणं मला कुणी शिकवायला नको होतं. सहा माणसांना तीन रात्रींसाठी शंभर लिटर. भांडी आधी कागदानं पुसायची, मग फवाऱ्याच्या बाटलीनं धुवायची. शेवटच्या दिवशीही पाणी उरलं होतं, आणि भावजयीनं ते सगळ्यांना उचलून दाखवलं.

शनिवारी दुपारी भावानं मला मागे बसवून नेलं. प्रत्येक गाडीला लवचीक काठीवर झेंडा असतो, जमिनीपासून आठ फूट. त्याचं कारण मला पहिल्याच टेकडीवर कळलं. वाऱ्याकडची बाजू चढायला सोपी, पण माथ्यापलीकडे वाळू एकदम कोसळलेली. पलीकडून कुणी चढत असेल तर त्याची गाडी दिसत नाही, दिसतो तो फक्त झेंड्याचा शेंडा. “ताई, घट्ट धर,” म्हणत त्यानं माथ्यावर न थांबता गाडी कडेकडेनं वळवली, आणि त्याच क्षणी खालून एक नारिंगी झेंडा वर आला. आम्ही दोघंही काही बोललो नाही.

परतलो तर भावजय भाच्याला मांडीवर घेऊन बसलेली. नऊ वर्षांचं पोर, चेंडूमागं पळताना बुटातून खिळा आरपार पायात गेला होता. आमच्या तंबूपासून वीस पावलांवर कुणीतरी आधी लाकडी पॅलेट, म्हणजे माल ठेवायची खिळ्यांनी ठोकलेली फळ्यांची चौकट, जाळली होती. खिळे असलेलं लाकूड इथं जाळायला बंदी आहे, कारण लाकूड जळतं आणि खिळे वाळूतच राहतात. त्यांनी जाळलं, शेक घेतला आणि निघून गेले. राखेवर वाळू सरली की खिळा दिसतच नाही.

भाऊ त्याला घेऊन ब्रॉलीला गेला. जखम खोल नव्हती. पण ते परत येईपर्यंतचे तीन तास मी त्या राखेजवळच बसले होते आणि मला त्या अनोळखी माणसांचा इतका राग आला होता की हात थरथरत होते. इथं कुंडी नाही, रखवालदार नाही, कुणावर कुणाची नजर नाही, हीच तर या जागेची मोठी देणगी. त्याची परतफेड अशी?

शेजारच्या कॅराव्हॅनमधून एक आजोबा आले. शेजारच्या ॲरिझोनातल्या युमाहून दर हिवाळ्यात येतात म्हणाले. त्यांच्याकडे चाकांवर बसवलेली चुंबकाची लांब पट्टी होती, कुंच्यासारखी ढकलायची. त्यांनी ती राखेवरून नेली आणि उचलली, तर खाली खिळ्यांची दाट झालर लटकलेली. जळून राखेच्याच रंगाचे झालेले, काही वाकलेले, टोकं मात्र शाबूत. आजोबांनी काही न बोलता ते कॉफीच्या रिकाम्या डब्यात झाडले आणि पट्टी माझ्या हातात दिली. मग मी ढकलायची, ते दाताळ्यानं वाळू वरखाली करायचे. आधी उभं, मग आडवं, शेत कुळवावं तसं. प्रत्येक फेरीत वाटायचं, आता संपले. पुन्हा टकटक आवाज यायचा. अंधार पडला तरी आम्ही डोक्याला दिवे बांधून फिरत होतो. चॉकलेट नावाच्या डोंगरात लष्कराचा बॉम्बसरावाचा टापू आहे, तिकडे आकाशात नारिंगी दिवे लटकत होते. रुळांवरून दोन-दोन मजली कंटेनरांची मालगाडी गेली, संपता संपेना.

भाचा परत आला, पायाला पट्टी. “आत्या, हे सगळे माझ्या पायात जाणार होते?” त्यानं डब्यात डोकावून विचारलं. मी त्याला जवळ घेतलं.

रविवारी निघताना हायवेच्या उत्तरेला थांबलो. त्या बाजूच्या टेकड्यांत वाहनबंदी आहे. वाळूवर फक्त वाऱ्याच्या लाटा आणि एका भुंग्याच्या पावलांची बारीक शिवण. मी चपला काढल्या, आणि पहिलं पाऊल टाकताना क्षणभर अडखळले.

डबा मी सॅन दिएगोला घेऊन आले. भावाच्या स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवला. 1 किलो 340 ग्रॅम. एका शेकोटीचे.