धरण बघायला जाणारी सायकलवाली

मागच्या नोंदीत ३०० किमीची बीआरएम (ठरलेल्या वेळेत पूर्ण करायची लांब पल्ल्याची सायकल राइड) करणार म्हणून छाती फुगवून लिहिलं होतं. निकाल: डीएनएफ, म्हणजे अर्धवट सोडली. १८७ किमीच्या कंट्रोलवर (वाटेतल्या नोंदणीच्या ठिकाणी) संध्याकाळी पावणेसहाला पोचले, सकाळी सहाची सुरुवात होती. म्हणजे वेळ हातात होता, पाय ठीक होते, पंक्चरही नव्हतं. चहा घेतला, समोरचा हायवे बघितला आणि वाटलं, पुरे. राइडचं नोंदणी कार्ड देऊन टाकलं. मला कंटाळा आला होता. हे ग्रुपवर सांगायची लाज वाटली म्हणून करंगळी बधिर झाल्याचं सांगितलं. (ती झाली होती, पण थोडीशीच.)

२०० ची पूर्ण केली होती, साडेतेरा तासांपैकी तेरा तास पाच मिनिटं घेऊन. त्याचं पदक अजून आवडतं, खोटं कशाला बोलू. पण त्याआधी सिंहगड रिपीट मारणाऱ्यांच्या, म्हणजे तोच घाट पुन्हा पुन्हा चढणाऱ्यांच्या मागे वर्षभर फिरले, ते वर्ष मला नीट आठवतच नाही. आठवतं फक्त पुढच्याचं मागचं चाक.

मग जून कोरडा गेला आणि सायकल बाल्कनीत.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात खालच्या मजल्यावरच्या आजोबांनी जिन्यात अडवलं. "काय गं, खडकवासल्यापर्यंत जातेस ना सायकलने? पाणी कुठवर आलंय?" मी म्हटलं, पेपरात टक्के येतात की रोज. ते म्हणाले, "टक्के मला नको सांगूस. पाणी कसं दिसतंय ते सांग." १२ जुलै १९६१ ला पानशेत धरण फुटलं तेव्हा ते पुण्यात नारायण पेठेत राहायचे, शाळकरी होते. दर पावसाळ्यात त्यांना पाण्याची खबर हवी असते. आता गुडघे साथ देत नाहीत.

त्या रविवारी गेले. नुसतं बघायला म्हणून. ३१ किमी, ॲव्हरेज १६ च्या आत, जून सुरू झाल्यापासूनची पहिली राइड, आणि तिच्यात एकदाही घड्याळ बघितलं नाही. परत येऊन सांगितलं: गढूळ आहे, चहासारखं, आणि काठावरची वाळकी झुडपं अर्धी बुडालीत. आजोबा खूश.

तेव्हापासून दर रविवारी हेच. खडकवासला पुण्याला पाणी देणाऱ्या चार धरणांत सगळ्यात लहान, १.९७ टीएमसीचं (टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट), त्यामुळे ते चटकन भरतं आणि गर्दीही तिथेच, कणसंवाल्यांपासून सेल्फीवाल्यांपर्यंत. खरी मजा पुढे. खानापूर सोडलं की भातखाचरं लागतात, लावणी चालू असते, आणि पानशेत-वरसगाव एकाच फेरीत बघून होतात. पानशेत १०.६५, वरसगाव १२.८२. शेजारी असूनही दोन्हींचं पाणी एका रंगाचं नसतं, हे मला या वर्षीच कळलं. एक आंबी नदीवर, दुसरं मोशीवर, म्हणून असेल. जाऊन-येऊन ८० च्या आसपास, थांबत थांबत सहा तास.

सायकलमध्ये केलेले बदल, ज्यांना हवेत त्यांच्यासाठी: कॅसेट (मागच्या चाकावरची दातेरी चक्रं) ११-२८ ची ११-३४ केली, म्हणजे सगळ्यात मोठं चक्र आता ३४ दात्यांचं, चढाला सोपं. त्यासाठी मागचं डिरेलर, म्हणजे गिअर बदलणारा भागही बदलावा लागला. २८ मिमीचे टायर काढून ३२ चे घातले, हवा ६० पीएसआयपर्यंतच. मडगार्ड लावले. ग्रुपमधल्या एकाने "दूधवाल्याची सायकल" म्हटलं. पावसात त्याच्या पाठीवर चिखलाचा पट्टा होता, माझ्या नाही. ब्रेक पॅड मात्र दीड महिन्यात संपले. रिम ब्रेक आणि घाटातला रेतीचा पाऊस हे जमत नाही. राइडनंतर रिम पुसाच.

ऑगस्टअखेर ६४० किमी झाले. मागच्या पावसाळ्यात याच काळात ११०० होते, ट्रेनिंग प्लॅनप्रमाणे. आकडा खाली गेलाय आणि एकही रविवार चुकलेला नाही. एकदा १०२ ताप होता तेव्हा सोडून. त्या दिवशी आजोबांनी नातवाला स्कूटरवर पाठवलं आणि संध्याकाळी मलाच येऊन सांगितलं की पोराला नीट बघताच येत नाही.

कुणी "तू नक्की काय करतेस, रँडोनेअरिंग (बीआरएमसारखं लांब पल्ल्याचं सायकलिंग) की रेसिंग?" विचारलं तर आता "धरणं बघते" सांगते. लोक हसतात. मग हमखास विचारतात, "भरलं का?"

चारांतलं टेमघर राहिलंय. पिरंगुट, उरवडे, मुठे करत जायचं, चढ बराच आहे आणि ३४ चं चक्र तिथेच कळेल. रविवारी पहाटे साडेपाचला निघणार. आजोबांनी थर्मास देतो म्हटलंय.