सराउंड स्पीकर समोर लावावेत का?

होम थिएटरमध्ये श्रोत्याच्या बाजूला किंवा मागे लावायचे सराउंडचे स्पीकर समोर मुख्य स्पीकर म्हणून चालतील का, याचे उत्तर त्यांच्या घडणीवर अवलंबून असते. ज्याच्या दोन अंगांचे ड्रायव्हर (आवाज निर्माण करणारे भाग) विरुद्ध फेजमध्ये जोडलेले असतात, म्हणजे एक पुढे सरकताना दुसरा मागे सरकतो, तो डायपोल स्पीकर समोर लावू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. कारण त्याचा आवाज थेट श्रोत्याकडे न येता भिंतींवरून परतून पोहोचावा, हाच त्याचा हेतू असतो आणि त्यामुळे बोलणारे पात्र पडद्यावर नेमके कुठे आहे, हे कानाला कळेनासे होते.

एकाच दिशेला तोंड असलेला साधा लहान स्पीकर मात्र खुशाल वापरावा. त्याचा चार इंची वूफर (खालचे स्वर वाजवणारा भाग) खर्जाला पुरा पडत नाही, म्हणून रिसीव्हरच्या (स्पीकरना आवाज पुरवणाऱ्या यंत्राच्या) मेनूत तो 'स्मॉल' असा नोंदवून क्रॉसओव्हर (आवाजाची विभागणी जिथे होते ती सीमा) 80 ते 120 हर्ट्झच्या दरम्यान ठेवावा, म्हणजे त्याखालचा भार सबवूफर, हा खास खर्जाचा स्पीकर, उचलतो. (सबवूफर नसेल, तर हा खटाटोप न केलेलाच बरा.) माझ्या बैठकीच्या खोलीत अशीच जोडी टीव्हीच्या दोन्ही बाजूंना स्टँडवर आहे: ट्वीटर (वरचे स्वर वाजवणारा भाग) बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीवर आणि मध्यरेषेपासून दोन्हीकडे सुमारे 30 अंशांवर. डग्ग्याचा खालचा घुमार बराचसा सबवूफरमधून येतो, तरी तबल्याची जोडी एकाच ठिकाणी वाजल्यासारखी वाटते.

या दोघांच्या मधला सेंटर स्पीकर शक्यतो या जोडीच्याच मालिकेतला असावा. अन्यथा पडद्यावर डावीकडून उजवीकडे जाणाऱ्या मोटारीचा आवाज मध्येच बदलतो.