तुम्ही विचारलंत म्हणून: वर्दीच्या पुण्याईवर आमदारकी?

अमेरिकेच्या राजकारणावर कुठेही बोललो की शेवटी एक हात वर होतोच. "तिथे लढाईवरून आलेला माणूस वर्दीच्या पुण्याईवर निवडून येतो, हो ना?"

येतो, थोडाफार. पण लिंकनचं काय झालं? १८३२ च्या ब्लॅक हॉक युद्धात (मूळ रहिवाशांशी झालेलं छोटं युद्ध) कॅप्टन होऊन आला आणि त्याच वर्षी इलिनॉयच्या विधिमंडळाची निवडणूक हरला. पुढे काँग्रेसमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या संसदेत, त्यानेच थट्टा केली, की आपली खरी झुंज रानकांद्यांशी आणि डासांशी झाली.

मला मात्र या प्रश्नावर मिशिगनमधलं एक लष्करी इस्पितळ आठवतं, बॅटल क्रीकचं पर्सी जोन्स. १४ एप्रिल १९४५ ला इटलीच्या डोंगरांत पुढे सिनेटर झालेला बॉब डोल जखमी झाला, आठवड्याने तिकडेच हवाईचा जपानी वंशाचा डॅनियल इनोये, तोही पुढे सिनेटर. डोलचा उजवा हात कायमचा लुळा पडला, इनोयेचा कापावा लागला. आणि दोघांनाही व्हायचं होतं डॉक्टर! दोघं भेटले त्या इस्पितळात. इनोये सांगायचा, की पुढे काय करणार असं त्याने विचारल्यावर डोलकडे सगळा बेत तयार होता: कॅन्ससला परतायचं, वकिली शिकायची, राज्याच्या विधिमंडळात जायचं, मग जागा रिकामी झाली की वॉशिंग्टन, म्हणजे काँग्रेस. इनोयेला बेत पटला. वर्दीपेक्षा मला हे मोठं वाटतं, की त्यांचा मनातला रस्ता बंद झाला होता.

डोल १९५० मध्ये कॅन्ससच्या प्रतिनिधीगृहावर निवडून आला तेव्हा कायद्याचं शिक्षण चालूच होतं. परीक्षेत तो उत्तरं सांगे, बायको लिहून काढी. आमदारकी एकच टर्म, दोन वर्षांची. पण त्या उजव्या मुठीत पुढे आयुष्यभर पेन असे. ते लिहायला नव्हतंच, समोरच्याने सवयीने तो हात धरून हलवू नये म्हणून होतं. प्रचारात दिवसाला किती जण हात पुढे करतात, विचार करा.

इनोये १९५४ मध्ये हवाईच्या विधिमंडळात गेला. (तेव्हा ते राज्य नव्हतं, टेरिटरी होतं, म्हणजे केंद्राच्या अखत्यारीतला प्रदेश.) तिथे वर्दी कामाला आली, हे मान्य. ज्या जपानी वंशाच्या लोकांच्या निष्ठेवर युद्धात संशय घेतला गेला, त्यांच्यातले माजी सैनिक त्या वर्षी बरेच निवडून आले. १९५९ मध्ये हवाई राज्य झालं आणि इनोये डोलच्या आधी वॉशिंग्टनला पोचला. म्हणे त्याने डोलला विचारलं, मी आलो, तू कुठे आहेस? डोल १९६१ मध्ये आला.

२०१२ च्या डिसेंबरात इनोयेची शवपेटी कॅपिटॉलमध्ये, म्हणजे संसद भवनात, ठेवली होती. ८९ वर्षांचा डोल व्हीलचेअरवरून उठला, आधार घेत पेटीपर्यंत चालत गेला आणि सॅल्यूट केला, डाव्या हाताने.