चंद्राचा हिशेब

परवा दुपारी एक जाडजूड अद्भुतरम्य कादंबरी वाचताना मी एका वाक्यापाशी अडखळले आणि पुस्तक मिटूनच टाकले. नायक अमावास्येच्या रात्री, अंधाराचा फायदा घेऊन, किल्ल्यातून निसटतो आणि चौथ्या रात्री डोंगरातल्या खिंडीत पोहोचतो, तेव्हा लेखक त्याच्या डोक्यावर खुशाल पूर्ण चंद्र आणून ठेवतो. त्या लख्ख चांदण्यात नायकाला आपल्या अंगावरून सरकत जाणारी ड्रॅगनची सावली दिसते. ड्रॅगनबद्दल माझी काहीच तक्रार नव्हती. तो आग ओकतो, तीनशे वर्षांपूर्वीची भांडणे लक्षात ठेवतो आणि राजघराण्यातल्या मंडळींशी कोड्यांत बोलतो, हे सगळे मी पहिल्या पन्नास पानांतच मुकाट्याने मान्य करून टाकले होते. पण अमावास्येनंतर चौथ्या रात्री पौर्णिमा? त्या रात्री फार तर पश्चिमेला एक बारीक कोर दिसेल आणि रात्र पुरती चढण्याआधी तीही मावळून जाईल.

ही माझी खोड जुनी आहे. पात्रांची नावे उच्चारता आली नाहीत की काही वाचक पुस्तक सोडून देतात, काहींना नकाशावाचून पुढे सरकवत नाही, आणि मला चंद्र आडवा येतो. सूर्यास्तानंतर पूर्वेला उगवणारी कोर आणि मध्यरात्री ऐन माथ्यावर आलेली द्वितीया मी इतक्या पुस्तकांत पाहिली आहे की आता चांदण्याचे वर्णन सुरू झाले की मी सावधच होते. या बाबतीत मला खरा दिलासा दिला तो ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ लिहिणाऱ्या टॉल्किन यांनी. १९४४ साली आपल्या मुलाला लिहिलेल्या एका पत्रात त्यांनी कबूल केले आहे की आपल्या कथेतले चंद्र भलतेच वागत होते, म्हणजे प्रदेशाच्या एका भागात उगवत असतानाच दुसऱ्या भागात मावळत होते, आणि ते निस्तरण्यासाठी मागच्या प्रकरणांतले तुकडे पुन्हा लिहिण्यात सारी दुपार गेली. जादूच्या अंगठीचा कसलाही खुलासा न देणारा माणूस चंद्राच्या वेळापत्रकासाठी दुपार खर्ची घालतो, हे वाचून मला त्या अंगठीवर अधिकच विश्वास बसला.

या खोडीचे मूळ बहुधा माझ्या काकांच्या पेन्सिलीत आहे. मी दहा-अकरा वर्षांची असताना ज्यूल व्हर्नची १८६५ सालची चांद्रप्रवासाची कादंबरी आमच्याकडे अनुवादरूपाने आली होती. जमिनीत उभी ओतलेली नऊशे फूट लांबीची तोफ, तिच्यातून सुटणारा पोकळ गोळा आणि त्या गोळ्यात बसलेले तीन प्रवासी यांनी मला पार झपाटून टाकले होते. माणसांच्या आधी चाचणी म्हणून एक मांजर आणि एक खार गोळ्यात घालून उडवतात, मांजर सुखरूप परत येते आणि खार मात्र सापडत नाही, कारण मांजराने ती वाटेतच खाल्लेली असते. हा भाग मी रोज कुणाला ना कुणाला वाचून दाखवत असे. एका संध्याकाळी काकांची पाळी आली. ते भौतिकशास्त्र शिकवत. त्यांनी सगळे शांतपणे ऐकून घेतले, मग कानावरची पेन्सिल काढली आणि पानाच्या समासात बारीक अक्षरांत हिशेब मांडायला सुरुवात केली. गोळ्याचा वेग सेकंदाला सुमारे ११ किलोमीटर, तोफेची लांबी सुमारे २७५ मीटर, म्हणजे नळीतला सगळा प्रवास सेकंदाच्या विसाव्या भागात उरकणार, आणि तेवढ्या वेळात प्रवाशांवर येणारा दाब गुरुत्वाकर्षणाच्या बावीस हजार पट. “अगं, साठ किलोच्या माणसाचं वजन त्या क्षणी तेराशे टन भरेल,” ते म्हणाले. व्हर्नने धक्का शोषायला गोळ्याच्या तळाशी पाण्याची गादी घातली आहे, याची मी त्यांना घाईघाईने आठवण करून दिली. त्यावर ते नुसते हसले. ते तिघे निघतानाच मेले, एवढेच मला कळले, आणि त्यांच्याबरोबर ते मांजरही. दोन दिवस मी काकांशी बोलले नाही.

पुढे बऱ्याच वर्षांनी एच. जी. वेल्सची १९०१ सालची चांद्रकथा वाचली. तिच्यातला शास्त्रज्ञ गुरुत्वाकर्षण अडवणारा एक पदार्थ तयार करतो, त्याचे पडदे एका गोलाला लावतो, आणि हवे तेव्हा पडदे उघडत-मिटत चंद्रावर जाऊन पोहोचतो. म्हातारपणी, १९०३ मधल्या एका मुलाखतीत, व्हर्न यावर चांगलाच उखडला होता. आपण पदार्थविज्ञान वापरतो आणि हा गृहस्थ नुसता कल्पना लढवतो, असा त्याचा रोख होता. तो धातू मला आणून दाखवा, असे आव्हानही त्याने दिले. व्हर्नचे दुखणे मला समजते, आणि वयाच्या बाराव्या वर्षी मी नक्कीच त्याच्या बाजूने भांडले असते. पण खरे पदार्थविज्ञान वापरणाऱ्याचे प्रवासी पहिल्या क्षणीच चिरडले जातात आणि धडधडीत थाप मारणाऱ्याचे प्रवासी मात्र चंद्रावर उतरून तिथला सूर्योदय पाहतात, याला काय म्हणावे? वेल्सच्या थापेवर काकांना पेन्सिल चालवताच आली नसती, कारण तिथे मांडायला आकडाच नव्हता. ड्रॅगनलाही मी बहुधा याच कारणाने सोडून देते. अमावास्या हा शब्द लिहिला की मात्र लेखक स्वतःहून आकडा देऊन बसतो.

परवाच्या पुस्तकाचे काय झाले, तर तासाभराने मी ते पुन्हा उघडले, पेन्सिल घेतली आणि समासात ‘चौथ्या रात्री पौर्णिमा कशी?’ असे लिहिले. लिहून झाल्यावर ते अक्षर थेट काकांच्या अक्षरासारखे दिसू लागले, तेव्हा मुकाट्याने खोडून टाकले. हे पुस्तक माझ्यानंतर भाची वाचणार आहे आणि ती अकरा वर्षांची आहे. पुढच्या प्रकरणात नायकाला मुसळधार पावसाने गाठले आहे, त्यामुळे चंद्राचा प्रश्न सध्या तरी उद्भवत नाही.